जुना प्रेस चालेल, कॉफीच्या डब्यातली पावडर नको

प्रश्न : मी टेक्ससमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. गेल्या महिन्यात एका दिवंगत गृहस्थांच्या घरसामानाच्या विक्रीत मला काडतुसे पुन्हा भरण्याचा जुना, बिडाचा प्रेस 80 डॉलरला मिळाला. सोबत .38 स्पेशल (रिव्हॉल्व्हरचे काडतूस) आणि .308 विंचेस्टर (रायफलचे काडतूस) यांचे डाय, म्हणजे काडतुसाला मापात आणणारे साचे, होते. शिवाय सुट्या प्रायमरची (ठोक्याने पेटून काडतूस उडवणाऱ्या टिकल्यांची) एक पुडी आणि करड्या दाण्यांनी निम्मा भरलेला कॉफीचा डबा विक्रेत्याने फुकट दिला. प्रेसवर गंज आहे आणि रॅम (तरफेने वर-खाली होणारा दांडा) थोडा हलतो. एवढ्या सामानावर सुरुवात करता येईल का? पुण्यात नेमबाजी करणाऱ्या धाकट्या भावासाठी असाच एखादा प्रेस दिवाळीला नेला तर चालेल का?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : प्रेस ठेवा, कॉफीचा डबा मात्र आजच बाजूला काढा. पिस्तुलाची आणि रायफलची पावडर (काडतुसातली दारू) दिसायला अनेकदा सारखीच असते, पण त्यांच्या जळण्याच्या वेगात मोठा फरक असतो आणि रायफलच्या मापाने भरलेली पिस्तुलाची पावडर बंदूक फोडू शकते. रंगावरून, दाण्यावरून किंवा वासावरून पावडर ओळखण्याची कोणतीही भरवशाची रीत नाही. ज्या डब्यावर मूळ कंपनीची चिठ्ठी नाही, ती पावडर निकामी समजावी. झाकण उघडल्यावर आंबट, उग्र वास आला किंवा तांबूस धूळ दिसली, तर पावडर खराब होऊ लागली आहे असे समजून तिची विल्हेवाट कशी लावायची हे स्थानिक अग्निशमन दलाला विचारावे. पुडीतल्या सुट्या प्रायमरचेही तसेच करावे, कारण ते कोणत्या मापाचे आहेत आणि किती वर्षे ओलाव्यात पडले होते हे आता सांगणारे कोणी नाही.

तुम्ही व्हिसाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून हेही सांगतो. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. आणि त्या कायद्यातल्या काडतुसाच्या व्याख्येत पुंगळी (काडतुसाची धातूची नळी), प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे भागही मोडतात. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही, पण ती विकण्याचा धंदा करायचा तर लागतो.

आता प्रेसकडे वळू. बिडाचा प्रेस सहसा झिजून मरत नाही, हयगयीने मरतो. वरवरचा गंज तेल आणि बारीक स्टील वूलने निघून जाईल. डाय काढून टाका, तरफ दाबून रॅम पूर्ण वर आणा आणि तो बोटांनी हलवून पाहा. किंचित हालचाल चालते, कारण पुंगळी डायमध्ये शिरताना स्वतःच मध्यावर येते. रॅम खडखडत असेल किंवा सांध्यांच्या पिना सैल झाल्या असतील, तर मात्र काळजी करावी. चौकटीला, विशेषतः डायच्या आट्यांजवळ, केसासारखी जरी भेग दिसली तरी प्रेस भंगारात काढावा. आटे शाबूत असतील तर तुम्ही नशीबवान आहात : डायचे आटे बहुतेक सर्व कंपन्यांनी 7/8 इंच व्यासाचे आणि इंचाला 14 असेच ठेवले आहेत, त्यामुळे जुन्या प्रेसवर आजचे डायही बसतात. प्रेसला जोडायचा, प्रायमर बसवण्याचा दांडा अशा विक्रीत बहुधा हरवलेलाच असतो. त्याऐवजी हाताने प्रायमर बसवण्याचे साधन घेतले तरी काम भागते.

सुरुवात .38 स्पेशलने करावी. तिची पुंगळी सरळ असते आणि कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचा डाय असेल तर वंगणही लागत नाही. .308 च्या पुंगळीला वंगण लावायला विसरलात तर ती डायमध्ये अशी अडकते की ड्रिल आणि टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) घेऊन बसावे लागते. माझी पहिलीच पुंगळी तशी अडकली होती आणि तो सबंध रविवार तिने खाल्ला. मात्र .38 मध्ये एक धोका आहे. तिची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली, म्हणून प्रशस्त आहे. आजच्या पावडरीचे माप तिच्या तळाशीच राहते आणि चुकून दोनदा भरले तरी बाहेर सांडत नाही. म्हणून 50 पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या कराव्यात, सगळ्यांत पावडर भरून झाली की विजेरी घेऊन प्रत्येकीत डोकावावे आणि मगच गोळ्या बसवायला घ्याव्यात. या कामाच्या वेळी फोन आणि टीव्ही बंद ठेवावा.

वजनाच्या बाबतीत आपल्या सवयी आड येतात. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, ग्रॅममध्ये नव्हे. 1 ग्रॅम म्हणजे सुमारे 15.4 ग्रेन. इलेक्ट्रॉनिक काट्याचे बटण चुकून दाबले गेले तरी एकक बदलते, म्हणून काटा लावला की आधी एककाचे अक्षर पाहावे. माप पावडर उत्पादकाच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यावे, तिथे दिलेल्या सुरुवातीच्या मापापासून आरंभ करावा आणि कमाल मापावर कधीही उडी मारू नये. रेंजवर वेचलेल्या पुंगळ्यांत डोकावाल तेव्हा तळाशी मधोमध एकच छिद्र असलेल्या घ्याव्यात, दोन बारीक छिद्रांच्या टाळाव्यात. प्रायमर बसवण्याची एका छिद्राची पद्धत बॉक्सर या इंग्रजाची आणि दोन छिद्रांची बर्डन या अमेरिकनाची. अमेरिकेने मात्र इंग्रजाची उचलली!

भावासाठी प्रेस नेऊ नये. भारताच्या शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. भावाने आपली काडतुसे क्लबमार्फत, परवान्यावर घ्यावीत. तुम्ही दिवाळीला निघाल तेव्हा रेंजवर नेत असलेली बॅग प्रवासाला वापरू नका. तीच न्यायची असेल तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, कारण शिवणीत अडकलेले एक काडतूससुद्धा विमानतळावर पोलिस ठाण्याची वाट दाखवते.