वर्षभर आधीच्या चाचण्या: आधी ओळख बघा, मग टक्के

अमेरिकेत प्रायमरीच्या (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या) वर्षभर आधी जनमत चाचणीत जो पुढे, त्याची उमेदवारी पक्की समजायची का, असं तुम्ही विचारलंय. नाही. पण म्हणून त्या चाचण्या टाकाऊही नसतात.

२००७ साल घ्या. रिपब्लिकन पक्षाच्या देशव्यापी चाचण्यांत बहुतेक वर्षभर रूडी जुलियानी आघाडीवर होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या वेळचे न्यूयॉर्कचे महापौर, त्यामुळे नाव घरोघरी माहीत. इतक्या आधी विचारलं की बरेच लोक ओळखीचंच नाव सांगतात. सुरुवातीला मतदान करणाऱ्या आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत जम बसेना, म्हणून त्यांनी सगळी मदार फ्लोरिडावर ठेवली. फ्लोरिडाची पाळी आली २९ जानेवारी २००८ ला. तोवर त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन न्यू हॅम्पशायर आणि साउथ कॅरोलायना जिंकून बसले होते. जुलियानी तिसरे आले, दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले.

मेख अशी की देशव्यापी प्रायमरी कधी होतच नाही. राज्यं पाळीपाळीने मत देतात आणि एका राज्याचा निकाल पुढच्या राज्यातलं वारं फिरवतो. त्याच हंगामात डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन देशभरात चांगल्याच पुढे होत्या. ३ जानेवारीला आयोवात ओबामा जिंकले, क्लिंटन तिसऱ्या. गोऱ्यांची मोठी बहुसंख्या असलेल्या राज्यात ओबामा जिंकतात हे दिसल्यावर साउथ कॅरोलायनातले कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने त्यांच्या मागे उभे राहिले.

उलट उदाहरण बायडन यांचं. २०१९ मध्ये ते बहुतेक काळ पुढे होते. २०२० मध्ये आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, तरी २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना त्यांनी मोठ्या फरकाने जिंकली. कृष्णवर्णीय मतदारांतला त्यांचा पाठिंबा नुसत्या ओळखीवर उभा नव्हता, म्हणून टिकला.

तेव्हा चाचणी उघडलीत की त्या उमेदवाराला किती जण ओळखतात तो रकाना आधी शोधा. निम्म्याच मतदारांना माहीत असून १० टक्के मिळवणाऱ्याला वाढायला जागा असते. सगळे ओळखत असून १० वर अडकलेल्याची वाट बिकट. नमुना ४०० जणांचा असेल तर ५ टक्क्यांच्या आसपास चूक धरा. तिथे दोन-तीन टक्क्यांच्या आघाडीवर वाद घालू नका. आणि दुसरी पसंती विचारली असेल तर ती जरूर वाचा. गर्दीच्या शर्यतीत बरेचसे उमेदवार मध्येच गळतात, आणि त्यांची मतं कुणाकडे जाणार याचा अंदाज तिथेच लागतो.