बदकाची पिल्ले कोंबड्यांसोबत ठेवताना
आपल्या पिल्लांची लव जाऊन पोट व पाठ पिसांनी पूर्ण झाकली जाईपर्यंत, म्हणजे साधारण 7 ते 9 आठवडे, त्यांना रात्री बाहेर ठेवू नये. कोकणातल्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. प्रथम जाळीआडून कोंबड्यांशी ओळख होऊ द्यावी. खरी अडचण पाण्याची असते: बदकांना डोळे आणि नाकपुड्या धुता येतील इतके खोल भांडे लागतेच, परंतु सांडलेल्या पाण्याने खुराड्यातले तूस ओले राहिले की कोंबड्यांना रक्ती हगवणीचा धोका वाढतो, म्हणून ते भांडे बाहेर, उताराच्या जागी ठेवावे. बदके जमिनीवर झोपतात. त्यांची जागा कोंबड्या ज्या दांडीवर बसून झोपतात तिच्याखाली नसावी. वयात आलेला बदकाचा नर कोंबड्यांवर चढून त्यांना गंभीर इजा करू शकतो, त्यामुळे नर वेगळेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.