गाडी बोटीवर असताना ती नेमकी कोणाची?

या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. स्पोर्ट्स कार बुक केली, ती काही हाती येईना, आणि आली की समुद्रापार न्यायची आहे. तेव्हा सरळ प्रश्नांकडेच वळतो.

प्रश्न : बयाणा भरून चार महिने झाले. "तुमचा नंबर लागलाय" एवढंच डीलर सांगतो. परवा म्हणाला, ऑर्डर "३०००"वर आहे. म्हणजे काय समजायचं?

म्हणजे तुमची गाडी बहुधा जनरल मोटर्सची आहे आणि बातमी चांगली आहे. तिथे ऑर्डर आकड्यांनी पुढे सरकते. ११०० म्हणजे डीलरने ऑर्डर नोंदवली, २००० म्हणजे कंपनीने ती उचलली, ३००० म्हणजे उत्पादन विभागाने स्वीकारली. ३४००ला ती कारखान्यात उतरते, ३८००ला गाडी तयार होते, ४२००ला निघते आणि ५०००ला डीलरच्या दारात येते. माणसं महिनोन् महिने अडकतात ती ११००वर. तुम्ही तो टप्पा मागे टाकलाय.

कंपनी कुठलीही असो, घोडं पेंड खातं ते अलोकेशनपाशी. त्या मॉडेलच्या किती गाड्या कुठल्या डीलरला द्यायच्या हा वाटा कंपनी ठरवते. डीलर शंभर जणांकडून बयाणा घेऊ शकतो. त्याच्या वाट्याला चारच गाड्या असतील तर उरलेले शहाण्णव जण नुसते यादीत. म्हणून "कधी मिळेल?" हे विचारूच नका, त्याला उत्तर नसतं. "माझ्या नावावर अलोकेशन आहे की मी फक्त यादीत आहे?" असं विचारा आणि उत्तर लेखी मागा. मग विचारा, मी निवडलेल्या पर्यायांपैकी एखाद्याचा पुरवठा अडलाय का? एका विशिष्ट सीटपायी किंवा ब्रेकपायी अख्खी गाडी खोळंबते. मार्च २०२२मध्ये युक्रेनमधून येणाऱ्या वायरिंग हार्नेसचा, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्यांचा, पुरवठा तुटला, तर पोर्शेसह जर्मनीतल्या कारखान्यांना काम थांबवावं लागलं होतं. तिसरी चौकशी बदलांच्या शेवटच्या तारखेची. रंगाबद्दल मन डळमळत असेल तर ते त्या तारखेच्या आत डळमळू द्या.

प्रश्न : गाडी तयार होऊन तीन आठवडे झाले, पण बंदरावरच उभी आहे. मी रोज रात्री नकाशावर जहाज बघतो. काही बिनसलं असेल का?

बहुतेक काहीच नाही. गाड्या वाहणारं मोठं जहाज सात-आठ हजार गाड्या घेतं. ते भरण्याइतक्या गाड्या जमेपर्यंत आणि त्या मार्गाची फेरी लागेपर्यंत गाडी यार्डात थांबते. नकाशावर तुम्हाला जहाज दिसतं, गाडी नाही. तिची जागा आयत्या वेळी पुढच्या जहाजावर गेली तर तुम्ही आठवडाभर परक्या गाड्यांचा प्रवास बघत बसाल. चेसिस नंबर कुठल्या जहाजाच्या यादीत चढला, हे फक्त वाहतूकदार सांगू शकतो.

मार्गही बदलतात. नोव्हेंबर २०२३मध्ये 'गॅलेक्सी लीडर' हे गाड्या वाहणारं जहाज तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी ताब्यात घेतलं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, आणि आशिया-युरोप प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला.

प्रश्न : रोरो स्वस्त आहे, पण मित्र म्हणतो कंटेनरशिवाय पाठवू नकोस. खरं काय?

मित्र अर्धा बरोबर आहे. रोरोत गाडी चालवत जहाजात नेतात, डेकवर पट्ट्यांनी बांधतात आणि पलीकडे चालवतच बाहेर काढतात. तुमच्या गाडीत अनोळखी माणूस बसणार, आणि एकदा नाही, यार्डात हलवताना चार-सहा वेळा. शेजारची गाडी हाताच्या अंतरावर. ओरखडे पडतात ते या हलवाहलवीत. भर समुद्रात गाडीला फारसं काही होत नाही. जुलै २००६मध्ये 'कूगर एस' हे जहाज सुमारे साठ अंशांत कलंडलं आणि कित्येक आठवडे तसंच राहिलं. आत माझदाच्या सुमारे ४,७०० गाड्या होत्या. बहुतेक गाड्या पट्ट्यांनी जागच्या जागी धरून ठेवल्या. तरी कंपनीने सगळ्या मोडीत काढल्या, कारण इतके दिवस आडव्या लटकलेल्या गाड्यांची हमी कोण देणार!

कंटेनरमध्ये गाडी एकदाच आत जाते, एकदाच बाहेर येते. पण त्या दोन वेळा अवघड असतात. आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर. गाडी १.८५ मीटर रुंद धरली तर दोन्ही बाजूंना पाव मीटर उरतो. दार उघडून ड्रायव्हर बाहेर कसा येणार? म्हणून गाडी विंचने ओढतात, नाहीतर माणूस खिडकीतून बाहेर पडतो, आणि त्याच्या पट्ट्याचं बक्कल नेमकं दारावर घासतं. शिवाय स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीला टेकलेलं. आखूड रॅम्पवर पुढचा स्प्लिटर, म्हणजे नाकाखालची पट्टी, आधी लागतो. तेव्हा एजंटला दोनच गोष्टी विचारा. रॅम्प किती लांब आहे? आणि पट्टे चाकांना बांधणार की सस्पेन्शनच्या दांड्यांना? उत्तर "चाकांना" असंच हवं.

माझं मत विचाराल तर कारखान्यातून निघून त्याच कंपनीच्या डीलरकडे जाणारी गाडी रोरोने जाऊ द्या, त्यांची ती रोजची वाट आहे. तुम्ही स्वतः, एकटी, मर्यादित आवृत्तीची गाडी पाठवत असाल तर कंटेनर. आणि दोन्हींत गाडीवर कापडी कव्हर घालू नका. कापडाखाली धूळ अडकते, जहाजाच्या थरथरीने महिनाभर घासते, आणि नव्याकोऱ्या रंगावर पॉलिश कागद फिरवल्यासारखं दिसतं. मी हे एका काळ्या गाडीवर पाहिलंय. मालकाने कव्हर खास शिवून घेतलं होतं.

प्रश्न : वाहतूक कंपनी म्हणते "विमा भाड्यातच आहे". वेगळा काढायला हवा का?

हवा, आणि गाडी निघण्याआधी हवा. या वाक्याने जितकी माणसं फसतात तितकी वादळांनी फसत नाहीत.

"भाड्यात आहे" म्हणजे पुष्कळदा नुसती वाहतूकदाराची कायदेशीर जबाबदारी. हेग-व्हिस्बी नियम, म्हणजे सागरी मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू असतील तर तिची मर्यादा नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा किलोला २ एसडीआर, यांत जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन. एकाची किंमत सव्वा ते दीड अमेरिकी डॉलरच्या आसपास फिरते. तुमची गाडी दीड हजार किलोची धरा, म्हणजे फार तर ३,००० एसडीआर. एवढ्यात तिचे कार्बन ब्रेकही येणार नाहीत. तेही मिळतील कधी, तर जबाबदारी त्यांची ठरली तर. जहाजावर आग लागली आणि त्यात वाहतूकदाराची स्वतःची चूक सिद्ध झाली नाही, तर त्या नियमांखाली तो मोकळा.

दुसरा सापळा 'सीआयएफ'चा, म्हणजे किमतीतच विमा आणि भाडं धरलेल्या विक्रीच्या अटीचा. या अटीवर विकणाऱ्याने विमा काढून द्यायचा असतो खरा, पण इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापारअटींप्रमाणे किमान 'क्लॉज सी' पुरतो. त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर येते. चोरी, पोचा, ओरखडा येत नाही. तुम्हाला हवा तो 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए', सर्व जोखमींचा. त्यातही उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. रक्कम 'ठरलेलं मूल्य' म्हणून लिहून घ्या आणि त्यात भाडं व कर धरा.

तिसरी गोष्ट ऐकून लोकांना मी थट्टा करतोय असं वाटतं. जहाज वाचवण्यासाठी कप्तानाने खर्च केला किंवा काही माल बळी दिला, तर तो तोटा ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांत वाटला जातो. याला जनरल अॅव्हरेज म्हणतात. मार्च २०२१मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये रुतलं, तेव्हा ते जाहीर झालं होतं. तुमच्या गाडीला खरचटलंही नसेल, तरी हमी किंवा अनामत दिल्याशिवाय ती सुटत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर बैल गेला आणि झोपा केला.

आणि गाडी खरंच बुडाली तर? १६ फेब्रुवारी २०२२ रोजी अझोर्स बेटांजवळ 'फेलिसिटी एस'ला आग लागली आणि १ मार्चला ते सुमारे ४,००० गाड्यांसह बुडालं. त्यातल्या अवेंटाडोरची बदली देण्यासाठी लॅम्बोर्गिनीला थांबवलेलं उत्पादन पुन्हा सुरू करावं लागलं. २०१९मध्ये 'ग्रान्दे अमेरिका' बुडालं, तेव्हा पोर्शेनेही चार ९११ जीटी२ आरएससाठी तेच केलं. या गाड्या अजून मालकांच्या हाती पडायच्या होत्या, म्हणून घोर कंपन्यांना होता. तुम्ही ताबा घेऊन स्वतः पाठवलेली गाडी बुडाली, तर कुठलाही कारखाना तुमच्यासाठी पुन्हा सुरू होत नाही. म्हणून करारात एक ओळ शोधा. गाडीची जोखीम विकणाऱ्याकडून तुमच्याकडे नेमकी कुठे येते? कारखान्याच्या फाटकावर, जहाजावर चढल्यावर, की पलीकडे उतरल्यावर? विमा त्या क्षणापासून हवा.

प्रश्न : गाडीच्या पाठोपाठ आम्हीही त्या देशात राहायला जातोय. डिकीत दोन पेट्या भरून पाठवल्या तर?

नको. रोरोवाले बहुधा घेतच नाहीत, गाडीचा विमा पेट्यांना लागू होत नाही, आणि कस्टम्सवाल्यांना गाडी उघडायला निमित्त मिळतं. टाकीही पाव भागापेक्षा कमीच ठेवा.

प्रश्न : गाडी महिन्याभरात मिळेल, त्यानंतर दोन महिन्यांनी मी युरोपीय संघात स्थायिक होणार आहे. घरसामान म्हणून करमाफी मिळेल ना?

हिशेब जुळत नाही. तिथे स्थलांतराची सवलत हवी असेल तर सर्वसाधारणपणे गाडी आधी किमान सहा महिने तुमच्याकडे आणि तुमच्या वापरात असावी लागते, आणि तुम्ही सलग बारा महिने संघाबाहेर राहिलेले असावे लागता. सवलत मिळाल्यावरही बारा महिने गाडी विकता किंवा भाड्याने देता येत नाही. एक तर जाणं पुढे ढकला, नाहीतर तिथेच ऑर्डर द्या.

मी दुसराच सल्ला देईन. स्पोर्ट्स कार ज्या देशात चालवायची त्या देशाच्या मानकाची घेणं कधीही बरं. हेडलाइटचा झोत डाव्या-उजव्या वाहतुकीप्रमाणे तिरका असतो. अमेरिकी गाडीचे मागचे इंडिकेटर लाल चालतात, युरोपात ते पिवळेच लागतात. अमेरिकेत उलट नेलीत तर तिथल्या मानकांत न बसणारी गाडी २५ वर्षांची होईपर्यंत सहसा आत येत नाही; कॅनडात १५. शिवाय वॉरंटी बऱ्याचदा त्या बाजारापुरतीच असते, आणि हल्ली काही डीलर वर्षभर निर्यात न करण्याच्या कागदावर सही घेतात. ती तुम्ही बुकिंगच्या दिवशी खुशीत केलीही असेल, कागद काढून बघा.

प्रश्न : शेवटी गाडी आली! ताबा घेताना काय बघू?

आधी सही करू नका. गाडी धुतलेली नसेल तर उजेडात धुवून मागा. मळाखालचा ओरखडा दिसत नाही. दिसेल ते पोचपावतीवर लिहा, फोटो काढा, मगच सही. पावतीवर नुसतं "मिळाली" लिहिलंत की गाडी ठीकठाक पोचल्याचा पुरावा तुम्हीच दिला. न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना हेग-व्हिस्बीखाली तीन दिवसांत द्यायची असते आणि दावा वर्षाच्या आत.

मग चालवायच्या आधी टायरमधली हवा तपासा. प्रवासासाठी ती मुद्दाम जास्त भरलेली असते. काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये प्रवासापुरते ठोकळे बसवलेले असतात, ते काढायचे राहून गेले तर गाडी दगडासारखी चालते आणि मालक बिचारा त्यालाच स्पोर्ट्स सस्पेन्शन समजतो. बॅटरी वाचवणारा ट्रान्सपोर्ट मोडही बंद केलाय का, विचारा. कंटेनरमधून आली असेल तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा; अर्धमेल्या बॅटरीवर या गाड्या नसलेले दोष दाखवत सुटतात.