रोलवाले जुने कॅमेरे लोकं अजून काहून वापरतात, आन् पहिला कोणता घ्यावा?

मले विचारान तं पेंटॅक्स के1000. 1976 ते 1997 बनत होता, त्याचा शटर पूर्ण मेकॅनिकल, बटन सेल फक्त लाइट मीटरले (उजेड मोजाच्या काट्याले) लागते, म्हणजे खेड्यात सेल नाही भेटला तरी फोटो निघतेच, अंदाजानं उजेड पाहाचा अन् दाबाचं. फक्त याच्या मीटरले ऑन-ऑफचं बटनच नाही, लेन्सले झाकण नाही लावलं तं सेल उतरते, हे दुकानदार सांगत नाई.

बजेट असन तं निकॉन एफएम2, 1982 चा, तोही बिनासेलचा 1/4000 सेकंदापर्यंत शटर मारते, आपल्या मे महिन्याच्या उन्हात हे लय कामी येते. कॅनन एई-1 दिसाले मस्त हाय पण सेल संपला की ठोकळा. याशिका मॅट 124जी मध्ये वरून वाकून पाहा लागते, काचेवर डावं-उजवं उलटं दिसते, 120 च्या (रुंद) रोलवर बाराच चौकोनी फोटो, त्याच्यानं माणूस विचार करूनच बटन दाबते, शौकिनांले त्याच्यातच मजा येते.

टिकण्याचं कारण साधंच, धातूची बॉडी, गिअर-स्प्रिंगा, चांगला मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकते. आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट गेलं तं गेलंच समजा.

घेतानी मागचं झाकण उघडून उजेड अडवणारा फोम चिकट झाला का ते पाहा, लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी पाहा. रोल उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा बाप्पा, टिनाच्या खोलीत नको.