मागायला शिक, पोरी

पोरी,

मेसचे पैसे थकले म्हणून एका वेळच्या जेवणावर राहिलीस, आणि खोलीतल्या मैत्रिणीने पैसे पुढे केले तर तिच्याशी बोलणंच टाकलंस. वर मला विचारतेस, ‘सर, आईबाप सहा-सहा महिने जवळ नव्हते म्हणूनच मी खंबीर झाले ना? मग कुणी काही द्यायला आलं की रडू का येतं?’

येणारच. मागायची सवयच नाही तुला. मागायला शिक.

दसरा झाला की आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला जायचे. तू पहाटे भाकरी थापायचीस, धाकट्याला आवरायचीस आणि मग शाळेत यायचीस. गाव म्हणायचं, काय समजूतदार पोरगी! मला या कौतुकाची चीड आहे. मीही असाच समजूतदार होतो. आजीपाशी राहिलो, ताप अंगावर काढला, फाटकं दप्तर कुणाला दिसू दिलं नाही. त्या काळी हंगामी वसतिगृह नव्हतं. तुझ्या वेळी होतं, शाळेतच दोन वेळचं जेवण मिळत होतं, तरी तू नाव द्यायला आली नाहीस. मी परस्पर घातलं, तर माझ्यावर फुगून बसलीस.

आईवर रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. रागाव, पण आधी हिशेब बघ. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ते जोडीला. आई तुझ्यापाशी थांबली असती तर कोयता अर्धा, उचलही अर्धी. अंग दुखलं म्हणून एक दिवस बसलं तरी खाडा, म्हणजे दंड. फिटलं नाही ते पुढच्या हंगामाच्या बोकांडी. यात तुला खंबीर करायचा बेत कुणाचाच नव्हता. म्हणून त्या खंबीरपणाचा एवढा अभिमान मिरवू नकोस.

आणि तुझे आईबाप मागतात बरं का! भांडून मागतात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो काय कारखान्यांनी आपणहून दिला? 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी सरकारी वसतिगृहांची योजना आली, तीही मागण्या करूनच. मग तुलाच कसली लाज?

आमच्या घरातून टोमणा येतो, ‘पोरांसाठी दारोदार फिरता, स्वतःसाठी कधी पाण्याचा तांब्या मागत नाही.’ बरोबर आहे. पण या वयात माझं हाड वाकायचं नाही आणि मला ते वाकवायचंही नाही. दुसऱ्यासाठी मागायला मी कधी लाजलो नाही, माझ्यापुरतं तेवढं पुरे. तुझं वय तसं नाही. माग.

त्या मैत्रिणीकडून पैसे घे, परत कधी देणार ते तोंडाने सांग. कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं विचार. खिडकीतला माणूस वसकला तर दुसऱ्या दिवशी परत जा. आणि आई हंगाम संपल्यावर भेटायला येते म्हणाली, तर ‘कशाला? मला काही लागत नाही’ म्हणालीस म्हणे! असं बोलतात आईला? तिच्याकडे काहीतरी माग. शेंगदाण्याची चटणी माग, दोन दिवस राहा म्हण. फोन रात्री कर, दिवसा ती फडात असते.

तुझे सर