तीन हॉस्पिटलांत भूल देणाऱ्याला आजारपणाचा पगार मिळतो का?

डॉक्टर, कोल्हापूरच्या राजारामपुरीतली दोन आणि कागलचं एक, अशा तीन हॉस्पिटलांत तुम्ही केसमागे फी घेऊन भूल देता. डेंग्यूत पंधरा दिवस गेले आणि हातात काहीच आलं नाही, म्हणून आजारपणाची पगारी रजा मागता येईल का, असं विचारलंय. नाही. तुम्हाला मिळते ती प्रोफेशनल फी, त्यावर १० टक्के टीडीएस कापला की हॉस्पिटल मोकळं. ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेचा आजारपणाचा भत्ता (वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. म्हणजे ओटीतल्या सिस्टरला तो मिळू शकतो, तुम्हाला नाही!

कागदावर कन्सल्टंट, पण ड्युटीची वेळ हॉस्पिटल ठरवतं, महिन्याची रक्कम बांधलेली, बाहेर केस घ्यायला बंदी, असं कुणाचं असेल तर त्यानं वकिलाला जरूर भेटावं. माणूस नोकर की स्वतंत्र हे ठरवायला, काम कसं करायचं यावर ताबा कुणाचा, ही कसोटी सुप्रीम कोर्टानं १९५६ साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातल्या लोकांसाठी लावली होती. तुम्ही तीन ठिकाणी आपल्या सवडीनं जाता, त्यामुळं तुमची बाजू लंगडी पडेल.

म्हणून रजा दरातच धरायची. वर्षाला १८ लाख हवेत असं समजा. रविवार सोडून ३१३ दिवस उरतात, आणि बहुतेक जण इथंच भागाकार करून दिवसाला ५,७५० काढतात. त्यातून सुट्टीचे २०, आजारपणाचे ८ आणि सण-पुराचे १० वजा करा. उरले २७५, दर आला साधारण ६,५५०. पुराचे दिवस मी मुद्दाम धरलेत. २०१९ आणि २०२१ ला हायवे बंद पडला, तेव्हा कागलची केस करायला जाणार कसं? वरचे आठशे रोज वेगळ्या खात्यात टाका. दर वाढवून द्यायला सर्जन कुरकुरतील, पण ऐनवेळी न चुकता येणारा भूलतज्ज्ञ कुणी सहज सोडत नाही.

विम्यात मात्र नीट बघा. पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसीत दर आठवड्याला पैसे देणारं कलम असतं, पण ते अपघातापुरतं. डेंग्यूला त्यातून दमडी येणार नाही. अॅडमिट असाल तर हॉस्पिटल कॅश पॉलिसीचे रोजचे पैसे मिळतात, घरी झोपून काढलेल्या दिवसांचे नाहीत. तेवढ्यासाठी दोन-तीन भूलतज्ज्ञांनी मिळून एकमेकांच्या केस सांभाळायच्या, आणि फीचा किती हिस्सा कुणाचा हे बरे असतानाच लिहून ठेवायचं.