सूत्रकृमीच्या मेंदूवर पीएचडी करून माणसाच्या म्हातारपणाबद्दल काय कळणार?

तुम्ही लिहिलंय की लेक एमएस्सी झाली, आता तिला सूत्रकृमीची (दोऱ्यासारख्या बारीक कृमीची) चेतासंस्था आणि म्हातारपण या विषयावर पीएचडी करायची आहे. तुम्ही निफाडकडचे द्राक्ष-टोमॅटोवाले, त्यामुळे सूत्रकृमी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गाठी धरलेली मुळं येतात. माणसाचं म्हातारपण माणसात बघायचं सोडून किड्यात काय बघणार, आणि पुढे पोटापाण्याचं काय, हा तुमचा प्रश्न. मी नाशिकमध्येच महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि माझी पीएचडी याच कृमीवर झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या शत्रूचं बघू. टोमॅटोच्या किंवा सटाणा-मालेगावकडच्या डाळिंबाच्या मुळांवर गाठी करतो तो मेलॉइडोगायनी नावाचा सूत्रकृमी. त्याच्या तोंडात बारीक पोकळ सुई असते, ती मुळात खुपसून तो रस ओढतो. तुमची लेक ज्यावर काम करणार तो सीनोरॅब्डायटिस एलेगन्स, थोडक्यात सी. एलेगन्स. भाऊबंदकीतलाच, पण पिकाला त्याचा काडीचा त्रास नाही. तो कुजलेल्या फळांवर, देठांवर राहतो आणि जिवाणू खातो. लांबी जेमतेम 1 मिलिमीटर, अंग आरपार दिसणारं. पंचवटीतल्या मार्केट यार्डाबाहेर टाकून दिलेला पेरू किंवा टोमॅटो मी विद्यार्थ्यांना आणायला सांगते. त्याचा तुकडा अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेटवर ठेवला की थोड्या वेळात त्यातून सूत्रकृमी बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. बहुतेक वेगळ्या जातींचे असतात, पण चाल तीच, एका कुशीवर पडून नागमोडी वळणं घेत जाण्याची.

हा प्राणी प्रयोगशाळेत आणला सिडनी ब्रेनर यांनी, इंग्लंडमध्ये केंब्रिजला, 1960च्या दशकात. त्यांना असा प्राणी हवा होता ज्याची चेतासंस्था शेवटच्या पेशीपर्यंत मोजता येईल. माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत. सी. एलेगन्सच्या उभयलिंगी कृमीत त्या नेमक्या 302 असतात, आणि दर कृमीत त्याच 302, प्रत्येकीला स्वतःचं नाव असलेल्या. ब्रेनर यांच्या गटातल्या जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी या कृमीचे अतिशय पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक तपासले आणि कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे याचा पूर्ण नकाशा 1986 साली छापला. लेख 340 पानांचा होता. एखाद्या प्राण्याच्या अख्ख्या चेतासंस्थेचा असा नकाशा जगात पहिल्यांदा झाला. 2002चं नोबेल ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना याच कृमीवरच्या कामासाठी मिळालं, आणि त्यानंतरही हा कृमी नोबेलच्या यादीत पुन्हा पुन्हा दिसतो, अगदी 2024पर्यंत.

पण नोबेलपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हा प्राणी अंड्यातून निघाल्यावर 3-4 दिवसांत वयात येतो आणि 2-3 आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो. माणसाचं म्हातारपण पाहायला संशोधकाचं आयुष्य पुरत नाही. इथे तोच एक जीव जन्मल्यापासून मरेपर्यंत रोज डोळ्यांखाली ठेवता येतो, आणि तो जिवंत असताना त्याच्या चेतापेशी आतून काय करताहेत तेही बघता येतं. दोन्ही गोष्टी एका प्राण्यात मिळणं फार दुर्मिळ आहे.

म्हातारपण तपासतात कसं, ते सांगते. टूथपिकच्या टोकाला भुवईचा एक केस चिकटवायचा. हे जगभर असंच चालतं, कारण त्याने अगदी हलका स्पर्श करता येतो. तो केस कृमीच्या डोक्यामागे हळूच टेकवायचा. तरुण कृमी तत्काळ मागे सरकतो, थांबतो, वळून दुसरीकडे जातो. हा स्पर्श जाणणाऱ्या पेशी 302पैकी फक्त 6. दहा-बारा दिवसांच्या कृमीला तोच केस लावला तर काही जण अजून सरकतात, काहींना दोन-तीनदा लावावा लागतो, आणि काही नुसतं डोकं किंवा शेपटीचं टोक हलवतात, अंग जागचं हलत नाही. हे सगळे एकाच दिवशी जन्मलेले असतात, एकाच प्लेटवर, एकच जिवाणू खाऊन वाढलेले, जनुकंही तंतोतंत सारखी. तरी एक ठणठणीत आणि शेजारचा आडवा. 2002 साली मोनिका ड्रिस्कॉल यांच्या गटाने हे पद्धतशीर मांडलं: जनुकं सारखी आणि वातावरण सारखं, तरी म्हातारपण प्रत्येकाचं वेगळं, त्यात निव्वळ योगायोगाचा वाटा मोठा. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुम्हीच तब्येतीची काळजी घेतली नाही" असं ऐकवणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष एकदा वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच कामात आणखी एक गोष्ट निघाली. स्नायू विरत जातात, झिजतात, पण चेतापेशी जवळजवळ सगळ्या शेवटपर्यंत जागेवर असतात. त्या मरत नाहीत, पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं की त्यांना नको तिथे फांद्या फुटतात आणि जोडण्या कमकुवत होतात. मिशिगन विद्यापीठात शॉन शू यांच्या गटाने 2013 साली दाखवलं की हालचाल मंदावण्याची सुरुवात स्नायूंपासून होत नाही. त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशींचं काम तारुण्यातच उतरायला लागतं, स्नायू त्यानंतर थकतात. म्हाताऱ्या कृमींच्या स्नायूंना औषधाने थेट चेतवलं तर ते पुन्हा बरे हलायला लागले. ते औषध होतं अरेकोलिन, म्हणजे सुपारीतलं द्रव्य. (यावरून कोणी सुपारीचं समर्थन करू नये. तिच्याने तोंडाचा कॅन्सर होतो, ते पक्कं सिद्ध आहे.) स्मरणशक्तीचंही तसंच. प्रिन्स्टनमध्ये कोलीन मर्फी यांच्या गटाने कृमींना एका वासाची खाण्याशी सांगड घालायला शिकवलं. वय वाढतं तसं चालणं आणि वास घेणं शाबूत असतानाच जास्त काळ लक्षात ठेवणं आधी ढासळतं, हे त्यांनी 2010 साली दाखवलं. तुमच्या घरात कोणी वयस्कर असेल तर हा क्रम तुम्हाला ओळखीचा वाटेल.

आता इमेजिंग, म्हणजे जिवंत पेशींचं काम कॅमेऱ्यातून बघणं. मार्टिन चॅल्फी यांनी जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन 1994 साली याच कृमीच्या स्पर्श जाणणाऱ्या पेशींत चमकवलं. आज त्या प्रथिनाचं सुधारलेलं रूप वापरतात. चेतापेशी काम करायला लागली की तिच्यात कॅल्शियम वाढतं, आणि कॅल्शियम वाढलं की हे प्रथिन जास्त उजळतं. अंग आरपार दिसत असल्यामुळे काही कापावं लागत नाही. निळा प्रकाश टाकायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. एव्हीए नावाच्या पेशीची जोडी उजळली की कृमी मागे सरकतो. पहिल्यांदा हे स्क्रीनवर पाहणारा विद्यार्थी हमखास तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगतो. आता एका वेळी डोक्यातल्या शंभराहून जास्त पेशी अशा बघता येतात, कृमी मोकळा सरपटत असतानासुद्धा. 2023 साली प्रिन्स्टनच्याच अँड्र्यू लायफर यांच्या गटाने एकेक पेशी प्रकाशाने चेतवून बाकीच्या काय करतात ते नोंदवलं. संदेशांचे खरे मार्ग 1986च्या नकाशावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा बरेच वेगळे निघाले, कारण पेशी जोडणी नसतानाही रसायनं सोडून एकमेकींशी बोलतात.

म्हाताऱ्या कृमीत हे सगळं बघितल्यावर काय दिसतं? पेशी गप्प पडत नाहीत. उलट बेशिस्त होतात. आवर घालणारे संदेश कमजोर पडतात आणि बाकीचा गलका वाढतो. ग्रामसभेत सगळे एकदम बोलायला लागले की ठराव होत नाही, तशी गत. बोस्टनमध्ये क्रिस्टोफर गेबेल आणि सहकाऱ्यांनी 2022 साली म्हाताऱ्या कृमींच्या पेशी एकेक करून पाहिल्या, तेव्हा हे असंतुलन उघड दिसलं. त्याआधी 2019 साली हार्वर्डच्या ब्रूस यँकनर यांच्या गटाने कृमींच्या चेतापेशींची उत्तेजना कमी केली, तेव्हा ते जास्त जगले. आणि तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर इथे आहे: त्याच गटाने माणसांचे मेंदूही तपासले होते. जी माणसं खूप जास्त जगली त्यांच्या मेंदूत उत्तेजनेशी संबंधित जनुकांचं काम कमी पातळीवर चाललेलं आढळलं.

म्हणजे वय चेतापेशींना बिघडवतं एवढंच नाही, चेतापेशीही वय ठरवतात. सिंथिया केनियन या संशोधिकेच्या प्रयोगशाळेत 1999 साली असं दिसलं की कृमीच्या वास आणि चव घेणाऱ्या पेशी निकामी केल्या तर तो जास्त जगतो. त्याच केनियन यांनी 1993 साली डॅफ-2 या एका जनुकातल्या बदलाने कृमीचं आयुष्य दुपटीहून जास्त होतं हे दाखवलं होतं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. पुढे कळलं की डॅफ-2 हे आपल्या पेशींवर इन्सुलिनचा संदेश घेणाऱ्या ग्राही प्रथिनाचं भावंड आहे. त्याच साखळीतलं फॉक्सओ-3 हे जनुक हवाईतल्या दीर्घायुषी जपानी वंशाच्या पुरुषांच्या 2008च्या अभ्यासात दीर्घायुष्याशी जोडलेलं म्हणून पुढे आलं.

इथे मर्यादाही सांगायला हवी. कृमीला अल्झायमर होत नाही. त्याच्यात त्या रोगाचं प्रथिन घालून प्रयोग करतात, पण तो रोग नव्हे. डॅफ-2चे कृमी जास्त जगतात ते धडधाकट जगतात की नुसते पडून राहतात, यावर अजून वाद आहे. या संशोधनाच्या नावावर आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या कोणी विकायला आला तर घेऊ नका. कृमीवरून प्रश्न नेमका कळतो. उंदीर आणि माणूस यांच्यात तो पुन्हा तपासावाच लागतो.

पोटापाण्याचं. लेकीने सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवली तर सध्या महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, दोन वर्षांनंतर 42,000. टीआयएफआर आणि बंगळूरची एनसीबीएस या संशोधन संस्थांसाठी जेजीईईबिल्स (JGEEBILS) ही वेगळी परीक्षा असते. या कृमीवर आपल्याकडेही चांगलं काम होतं: मुंबईत टीआयएफआरला संध्या कौशिका, दिल्लीत एनआयआय या प्रतिकारशक्तीवरच्या संस्थेत अर्णब मुखोपाध्याय (त्यांचा विषयच म्हातारपण आहे), मानेसरला एनबीआरसी या मेंदू संशोधन केंद्रात अनिंद्य घोष रॉय. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरून चाला. पुढे महाराष्ट्रात प्राध्यापकाच्या कायम जागा कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर वर्षं जातात, हे मी माझ्या आसपास रोज पाहते. म्हणून तिला आतापासून प्रोग्रॅमिंग शिकायला सांगा. इमेजिंगमध्ये एका कृमीच्या काही मिनिटांच्या नोंदीतून हजारो चित्रं निघतात आणि ती संगणकाशिवाय वाचता येत नाहीत. ज्याला ते जमतं त्याला औषध कंपन्यांत आणि वैद्यकीय प्रतिमांच्या कामातही मागणी आहे.

आणि मुलाखतीला जाण्याआधी तिने त्या प्रयोगशाळेत सध्या शिकणाऱ्या एक-दोघांशी फोनवर बोलावं. मार्गदर्शक आठवड्यात किती वेळ देतात, आधीच्या मुलांची पीएचडी किती वर्षांत झाली, मोठ्या सूक्ष्मदर्शकावर नवख्याला हात ठेवू देतात का. संस्थेच्या नावापेक्षा या तीन उत्तरांवर तिची पुढची पाच वर्षं जास्त अवलंबून आहेत.